ओट्याखालचे ड्रॉवर घरच्या घरी बदलताना

स्वयंपाकघरातला ड्रॉवर एकसंध दिसत असला तरी तो तीन वेगळ्या वस्तूंचा जोड असतो: सामान ठेवायची पेटी, ती पेटी आत-बाहेर सरकवणारी चॅनलची जोडी आणि बाहेरून दिसणारी दर्शनी फळी, जिला सुतार फ्रंट म्हणतात. या तिन्हींचे आयुष्य सारखे नसते. बहुधा चॅनल आधी थकतात, मग दर्शनी फळीच्या कडा फुगतात. पेटी चांगल्या प्लायवूडची असेल तर ती या दोन्हींना पुरून उरते. असे असूनही ड्रॉवर अडकू लागला की सगळे फर्निचर नव्याने करण्याची भाषा सुरू होते. नेमका कोणता भाग गेला आहे हे ओळखता आले तर तेवढाच भाग बदलता येतो, आणि ते काम ड्रिल मशीन हातात धरता येणाऱ्या कोणालाही जमण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातल्या घरांत हे ड्रॉवर दोन तऱ्हांनी बसवलेले आढळतात. जुन्या बांधणीच्या ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या असतात. त्यांच्यामधल्या कप्प्यांत पूर्वी डबे आणि सिलिंडर ठेवून पुढे पडदा सोडत. नंतर तिथे दारे आली आणि मग ट्रॉल्या. कडप्प्यात स्क्रू सरळ धरत नाही, म्हणून आत प्लायची चौकट किंवा पट्ट्या बसवून त्यांवर चॅनल मारलेले असतात. दुसरी तऱ्हा मॉड्युलर किचनची. यात प्लाय किंवा बोर्डाचे तयार सांगाडे ओट्याखाली सरकवतात. कारखान्यात कापलेल्या अशा सांगाड्याच्या बाजूंना आतून ५ मिमी व्यासाच्या भोकांच्या रांगा असतात. दोन भोकांत ३२ मिमी अंतर आणि पहिली रांग पुढच्या कडेपासून ३७ मिमी आत, हा युरोपातून आलेला संकेत आता इथल्या कारखान्यांतही रुळला आहे. चॅनलवरची भोकेही त्याच हिशोबाने पाडलेली असल्याने जुने चॅनल काढून त्याच जागी दुसऱ्या कंपनीचे चॅनल लावणे पुष्कळदा सोपे जाते. कडप्प्याच्या ओट्यात ही सोय नाही. तिथे प्रत्येक माप नव्याने घ्यावे लागते.

बिघाड शोधण्यासाठी ड्रॉवर आधी पूर्ण रिकामा करतात. तो अर्धा बाहेर ओढून पुढचे टोक वर-खाली हलवले आणि ते खाली झुकले, तर चॅनल झिजले आहे किंवा त्याचे स्क्रू सैल आहेत. सांगाड्याच्या तळाशी बारीक पोलादी गोळ्या सापडल्या तर शंकाच उरत नाही: चॅनलमधली बॉल बेअरिंग फुटली आहे आणि ती दुरुस्त होत नाही. पेटी घट्ट पण पुढची फळी डुगडुगते, असे असेल तर आतून आलेले दोन-चार स्क्रूच सुटलेले असतात. मधोमध तळ लोंबून खालच्या ड्रॉवरला घासत असेल तर फक्त तळाचा प्लाय बदलावा लागतो. लाकडाची परीक्षा पेचकसाच्या टोकाने होते. टोक दाबल्यावर आत रुतले, भुसा निघाला किंवा थर सुटे झाले, तर त्या भागात नवा स्क्रूही धरणार नाही. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. तिचा बंदोबस्त होईपर्यंत नवे लाकूड त्या जागी नेणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय.

ड्रॉवर काढायची पद्धत चॅनलच्या जातीवर ठरते. बाजूला बसणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनलमध्ये दोन्हीकडे प्लास्टिकची काळी पट्टी असते. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून एका बाजूची पट्टी वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबली की पेटी मोकळी होते. दोन्हीकडची पट्टी एकाच दिशेने दाबून पाहणाऱ्यांना ड्रॉवर अडकल्यासारखा वाटतो. तो अडकलेला नसतो, डावे-उजवे चॅनल आरशातल्या प्रतिमेसारखे उलटसुलट असतात इतकेच. पांढऱ्या रंगाचे, नायलॉनच्या चाकांवर चालणारे जुने रोलर चॅनल असतील तर ड्रॉवर टोकापर्यंत ओढून पुढची बाजू उचलली की चाके खाचेतून बाहेर येतात. पेटीच्या तळाखाली लपणाऱ्या, हळू बंद होणाऱ्या चॅनलला पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत खालून कळ असते. दोन्ही कळा एकदम दाबून पेटी उचलावी लागते. काढलेल्या प्रत्येक पेटीला आणि फळीला मागून क्रमांक घालणे अगत्याचे आहे. दिसायला सारख्या तीन फळ्यांच्या मापात दोन-तीन मिमीचा फरक सहज असतो.

या सगळ्या कामात मापाला जितके महत्त्व आहे तितके कशालाच नाही, आणि त्यातही एका मापाला: चॅनलच्या जाडीला. बाजूला बसणारे बॉल बेअरिंगचे चॅनल १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच जाड असते. सुतारांच्या भाषेत चार सूत. दोन बाजूंचे मिळून २५.४ मिमी होतात. म्हणून पेटीची बाहेरची रुंदी ही मोकळ्या जागेच्या आतल्या रुंदीपेक्षा २६ मिमी कमी ठेवतात. हा हिशोब एका मिमीने चुकला तरी भागते, तीन मिमीने चुकला तर भागत नाही. पेटी मोठी झाली तर ती चॅनलमध्ये आवळली जाते आणि लहान झाली तर गोळ्यांवर तिरका भार येऊन चॅनल लवकर खराब होते. दोन चुकांपैकी पेटी लहान होणे बरे, कारण चॅनल आणि पेटीच्या मध्ये लॅमिनेटचा तुकडा पॅकिंग म्हणून घालता येतो. मोठी झालेली पेटी मात्र उकलून पुन्हा करावी लागते.

उदाहरणार्थ, ६०० मिमी रुंदीचा सांगाडा १८ मिमी प्लायचा असेल तर दोन बाजूंचे ३६ मिमी वजा जाऊन आत ५६४ मिमी उरतात. त्यातून २६ वजा केल्यावर पेटी ५३८ मिमीची होते. कागदावरचा हा हिशोब जागेवर मात्र ताडून पाहायलाच हवा. मोकळ्या जागेची रुंदी पुढे, मध्ये आणि मागे, तसेच वर आणि खाली अशी निरनिराळ्या ठिकाणी मोजतात आणि सर्वांत लहान माप धरतात. कडप्प्याच्या ओट्यात पुढच्या आणि मागच्या रुंदीत पाच-सात मिमीचा फरक असणे नेहमीचेच. तो फरक पेटीत न आणता बाजूच्या पट्टीमागे पॅकिंग देऊन आधी मिटवावा, म्हणजे चॅनल एकमेकांना समांतर बसतात. आणखी एक चूक इतक्यांदा होते की तिचा वेगळा उल्लेख हवा. पेटीच्या बाहेरच्या बाजूंना १ मिमीचे लॅमिनेट चिकटवायचे असेल तर रुंदी २ मिमीने वाढते. प्लाय कापण्यापूर्वीच ती वजा करावी लागते.

खोलीचे माप तुलनेने सरळ आहे. टेलिस्कोपिक चॅनल १० इंचांपासून २४ इंचांपर्यंत दोन-दोन इंचांच्या टप्प्यांत मिळतात. आतली खोली मोजून, मागे पाण्याचा किंवा गॅसचा पाइप असेल तर त्याची जागा सोडून, मावेल ते सर्वांत लांब चॅनल निवडतात आणि पेटीची लांबी चॅनलएवढी ठेवतात. चॅनलवर किंवा त्याच्या खोक्यावर वजन पेलण्याची क्षमता लिहिलेली असते. बऱ्या दर्जाच्या ४५ मिमी उंचीच्या जोडीला ती साधारण ३५ ते ४५ किलो असते. धान्याच्या डब्यांच्या ड्रॉवरला यापेक्षा हलकी जोडी घेऊ नये. तळाखालची चॅनल दिसायला देखणी आणि चालायला मऊ असली तरी ती पेटीच्या मापाबाबत फार काटेकोर असतात. पेटीची आतली रुंदी मोकळ्या जागेपेक्षा ४२ मिमीने कमी, बाजूंची जाडी जास्तीत जास्त १६ मिमी, तळ कडेपासून वर चढवलेला आणि मागच्या फळीला खाचा, एवढे सगळे जमावे लागते. पहिलाच ड्रॉवर करणाऱ्याने बाजूचे चॅनल घ्यावे. त्यातही हळू बंद होणारे, म्हणजे सॉफ्ट क्लोज प्रकारचे मिळतात.

लाकूड निवडताना काटकसर करू नये असा भाग म्हणजे प्लाय. ओट्याखाली ओल असते, सिंक जवळ असते, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते. पार्टिकल बोर्ड एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि सुकल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. साध्या एमडीएफचेही तेच. प्लायमध्ये थर कोणत्या चिकटद्रव्याने जोडले आहेत यावर सगळे अवलंबून असते. एमआर दर्जाच्या प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइड रेझिन असते, ते दमट हवा सोसते पण पाणी सोसत नाही. बीडब्ल्यूआर आणि मरीन प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड रेझिन वापरतात. मरीन प्लायच्या फळीवर आयएसआय चिन्हासोबत आयएस ७१० हा मानक क्रमांक छापलेला असतो. या मानकात जोडाची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात घेतात. सिंकशेजारच्या ड्रॉवरला मरीन आणि बाकीच्यांना बीडब्ल्यूआर, ही विभागणी खर्चाच्या आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने रास्त आहे.

पूर्ण ८ बाय ४ फुटांची फळी घरी आणून कापण्यात अर्थ नाही. पुण्यात भवानी पेठेतले टिंबर मार्केट असो की तालुक्याच्या गावातले प्लायचे दुकान, मापाची यादी दिली तर बहुतेक ठिकाणी यंत्रावर सरळ काप करून मिळतात. चॅनल, स्क्रू आणि हँडल यांसाठी पुण्याची बोहरी आळी किंवा मुंबईतली नागदेवी अशा हार्डवेअरच्या गल्ल्यांत जितके प्रकार एका जागी पाहायला मिळतात तितके दुसरीकडे क्वचितच. मात्र चॅनल आधी विकत घ्यावे, ते हातात आल्यावर त्याची जाडी मोजावी आणि मगच प्लायच्या मापांची यादी करावी. हा क्रम उलटा झाला की मागचा सगळा हिशोब अंदाजावर राहतो.

पेटीसाठी १२ मिमी प्लाय पुरतो. वरच्या उदाहरणातल्या ५३८ मिमी रुंदीच्या आणि ५०० मिमी लांबीच्या पेटीला ५०० मिमीच्या दोन बाजू लागतात, आणि त्यांच्यामध्ये बसणाऱ्या पुढच्या-मागच्या फळ्या ५१४ मिमीच्या, कारण दोन बाजूंची जाडी २४ मिमी होते. तळाला ६ मिमी प्लाय चालतो. मोठ्या पातेल्यांसाठी किंवा धान्यासाठी ९ मिमी घ्यावा. तळ बाजूंच्या खाचेत सरकवलेला असेल तर तो जास्त भार पेलतो, पण खाच पाडायला यंत्र लागते. घरी करताना पांढरा फेविकॉल लावून तळ खालून स्क्रूने पक्का केला तरी काम टिकाऊ होते. प्लायच्या काठात सरळ स्क्रू मारला की थर फाटतात, म्हणून आधी बारीक भोक पाडणे आवश्यक असते: साडेतीन मिमीच्या स्क्रूला अडीच मिमीचे. चारही फळ्या जोडल्यावर डिंक ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजतात. ते समान असतील तर पेटी काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकांवर दाब देऊन ती सरळ करता येते, आणि मग तळ बसवला की तो आकार कायम राहतो. गुण्या प्रत्येक कोपऱ्याला लावून पाहण्यापेक्षा ही रीत अधिक भरवशाची आहे. उघड्या कडांना सीलर किंवा ऑइल पेंटचा हात द्यावा, कारण पाणी पृष्ठभागापेक्षा कडांतून जास्त आत शिरते.

चॅनल बसवताना त्याचे दोन भाग सुटे करतात. आतला भाग पेटीच्या बाजूला, बाहेरचा सांगाड्याला. दोन्ही बाजूंची उंची तंतोतंत सारखी यावी यासाठी टेपने मोजण्यापेक्षा प्लायची एक पट्टी हव्या त्या उंचीची कापून घेणे चांगले. ती सांगाड्याच्या तळावर उभी ठेवून तिच्यावर चॅनल टेकवायचे आणि खुणा करायच्या. तीच पट्टी दुसऱ्या बाजूला वापरली की चूक होण्याची शक्यता राहत नाही. दर्शनी फळी बाहेरून सांगाड्याच्या कडेवर येणार असेल तर चॅनलचे पुढचे टोक कडेपासून सुमारे ३ मिमी आत ठेवतात. फळी चौकटीच्या आत बसणार असेल तर तिच्या जाडीइतके आणखी आत. चॅनलवर गोल आणि लांबट अशी दोन्ही प्रकारची भोके असतात. पहिले स्क्रू लांबट भोकांत, तेही अर्धवट आवळून मारतात. ड्रॉवर चालवून, वर-खाली सरकवून समाधान झाले की मग गोल भोकांत स्क्रू मारून जागा कायम करतात. जुने भोक सैल झाले असेल तर त्यात डिंकात बुडवलेली बांबूची काडी ठोकून, सुकल्यावर नव्याने भोक पाडता येते.

आपल्याकडे पेटीऐवजी स्टीलच्या जाळीची टोपली, म्हणजेच ट्रॉली असलेली स्वयंपाकघरे मोठ्या संख्येने आहेत. ट्रॉल्या १५, १७, १९ इंच अशा ठरावीक रुंदीत येतात, त्यामुळे इथे लाकूडकाम फारसे नसते. मोकळी जागा जास्त असेल तर बाजूला प्लायची पट्टी देऊन ती भरून काढतात. प्रश्न असतो तो स्टीलचा. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ दर्जात निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले असते. ते स्वस्त पडते पण मीठ आणि ओल यांच्यापुढे लवकर गंजते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, हा समज चुकीचा आहे, कारण चुंबक या दोन्हींना जवळजवळ सारखाच प्रतिसाद देतो. दर्जा बिलावर लिहून घेणे हाच व्यवहार्य उपाय. भांडी ओली ठेवायच्या ट्रॉलीसाठी आणि समुद्रकाठच्या गावांत ३०४ घ्यावे.

चॅनल आणि पेटी धड असतील आणि केवळ रूप पालटायचे असेल तर फक्त दर्शनी फळ्या बदलतात. स्वयंपाकघराचा चेहरा सर्वांत कमी तोडफोडीत बदलतो तो याच कामाने. जुनी फळी हाच नमुना धरता येतो, पण ती फुगलेली असेल तर तिचे माप फसवे असते. तेव्हा उघड्या जागेवरून हिशोब करावा. तीन ड्रॉवरच्या खणाची दर्शनी उंची ६९० मिमी असेल तर दोन फटींचे ६ मिमी वजा करून ६८४ मिमी उरतात. ते खाली ३१०, मध्ये २२० आणि वर १५४ असे वाटता येतात. फटी ३ मिमीच्या ठेवायचा प्रघात आहे; त्याहून कमी ठेवल्या तर पावसाळ्यात फळ्या एकमेकींना घासतात.

फळीसाठी १८ मिमी प्लाय किंवा ओल बऱ्यापैकी सोसणारा एचडीएचएमआर बोर्ड वापरतात. बाहेरून १ मिमीचे लॅमिनेट, ज्याला घरोघर सनमायका म्हणतात, आणि आतूनही पातळ लॅमिनेट हवेच. एकाच बाजूला लॅमिनेट असलेली फळी हवेतल्या ओलीने दोन बाजूंना वेगवेगळी ताणली जाते आणि काही महिन्यांत तिला बाक येतो. लाकडी रेषांचे डिझाइन असेल तर तिन्ही फळ्या एकाच तुकड्यातून, एकाखाली एक याच क्रमाने कापून घ्याव्यात. रेषा वरपासून खालपर्यंत सलग वाहत गेल्या की घरी केलेले काम कसबी हाताचे दिसते. कडांना पीव्हीसीची पट्टी यंत्रावर लावून घेणे हिताचे. हाताने लावलेली पट्टी ओट्याखालच्या उष्णतेने आणि ओलीने कोपऱ्यांत उकलते. लॅमिनेट चिकटवून, दाबून आणि कडा लावून तयार फळ्या देणारे कारखाने शहरांत आहेत, आणि हे एक काम त्यांच्याकडे सोपवण्यात कमीपणा नाही.

फळी पेटीवर चढवायचे कौशल्य ती सरळ दिसण्यात आहे. सगळ्यांत खालच्या ड्रॉवरपासून सुरुवात करतात. पेटीच्या पुढच्या भागात ६ मिमीची, म्हणजे स्क्रूपेक्षा मोठी भोके आधीच पाडून ठेवतात. फळी दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरती लावून ड्रॉवर हळूच उघडतात आणि आतून वॉशर घालून स्क्रू मारतात. पेटी १२ मिमी आणि फळी १८ मिमी असताना २५ मिमीचा स्क्रू पुरतो. त्याहून लांब स्क्रू बाहेर फुटण्याचा धोका असतो. भोक मोठे असल्यामुळे फळी दोन-तीन मिमी इकडे-तिकडे सरकवता येते. दोन फळ्यांमधली फट राखण्यासाठी १ मिमी लॅमिनेटचे तीन तुकडे एकत्र धरून मध्ये ठेवले की बरोबर ३ मिमी मिळतात. तीनही फळ्या बसल्या, फटी समान दिसल्या, की स्क्रू पूर्ण आवळतात आणि मगच हँडलची भोके पाडतात. हँडलच्या दोन भोकांमधले अंतर बहुधा ९६, १२८ किंवा १६० मिमी असते. बाहेरून आत भोक पाडावे आणि मागे लाकडाचा तुकडा दाबून धरावा, नाहीतर आतल्या लॅमिनेटचे टवके उडतात. हँडलचा स्क्रू आता पेटी आणि फळी या दोन्हींतून जाणार असल्याने त्याची लांबी ३० मिमीपेक्षा जास्त लागते. हँडलसोबत मिळणारा स्क्रू इथे आखूड पडतो.

स्वयंपाकघरात हे काम करताना काही गोष्टींबाबत हयगय चालत नाही. लॅमिनेट चिकटवायचा उग्र वासाचा रबरी डिंक पेट घेणाऱ्या द्रावकात बनवलेला असतो. तो वापरायचा तर गॅस बंद, रेग्युलेटरही बंद, देवापुढचे निरांजन विझवलेले आणि खिडक्या उघड्या हव्यात. शक्यतो हे काम गॅलरीत करावे. पांढरा फेविकॉल पाण्यात मिसळणारा असल्याने त्याला ही भीती नाही. गॅसची नळी ड्रॉवरच्या वाटेत येता कामा नये, पेटीच्या मागे दबलेली किंवा चॅनलला घासणारी नळी तर मुळीच नको. सांगाड्याच्या मागच्या भिंतीत भोक पाडण्याआधी तिथून वायर किंवा पाण्याचा पाइप गेला आहे का हे वरच्या प्लगच्या आणि नळाच्या सरळ रेषेवरून पाहून घेतात. प्लाय आणि एमडीएफची धूळ फुप्फुसांना अपायकारक आहे, त्यामुळे नाकावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लागतोच.

सिंकखाली ड्रॉवर करण्याचा मोह टाळावा. गळती झाली की पेटीमुळे ती उशिरा कळते आणि प्लंबरला आत हात घालायला जागा उरत नाही. कोपऱ्यातली फिरती ट्रॉली, गोलाईच्या फळ्या आणि धातूच्या बाजू असलेले तयार ड्रॉवर ज्यांत बसतात ते परदेशी घडणीचे संच यांत मापाची सवलत जवळजवळ नसते. तिथे जाणकार सुताराला बोलावणे योग्य.

काम पुरे झाल्यावर फेविकॉल सुकायला चोवीस तास द्यावेत आणि तोपर्यंत ड्रॉवर रिकामा ठेवावा. सामान भरताना पातेली आणि धान्याचे डबे खालच्या ड्रॉवरमध्ये, चमचे-झारे वरच्यात ठेवतात; जड वजन शक्यतो मागच्या भागात ठेवले तर ड्रॉवर उघडताना चॅनलवर ताण कमी येतो. पहिल्या काही आठवड्यांत लाकूड आणि स्क्रू एकमेकांत बसत असतात, त्यामुळे महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा हाताच्या पेचकसाने आवळून घ्यावेत. चॅनलमध्ये खाद्यतेल सोडू नये, त्यावर पीठ आणि धूळ बसून चिकटा होतो. कोरड्या फडक्याने पुसून मशीनच्या तेलाचा एखादा थेंब दिला तरी पुरतो.